साहेबांना ऐकू गेलं का?

रिसोड, बुधवार, मे १९७८

सुट्टीवर आले, तरी मन थाऱ्यावर नाही. ऑफिससाठी दोन कॉम्प्युटर तपासले होते. एकच प्रोग्राम दोन्हींवर कंपाइल केला, म्हणजे यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून पाहिला. लहान कॉम्प्युटरने मोठ्याच्या निम्म्या वेळात केला. साहेबांना मात्र मोठाच घ्यायचाय.

आज पोस्टातून त्यांना नागपूरला ट्रंककॉल लावला. म्हणाले, "अहवालात मोठाच वेगवान लिहा."

"नाही लिहिणार, साहेब! लहानच वेगवान आहे!" मी ओरडले आणि लाइन कटली.

त्यांना ऐकू गेलं का? सगळ्या पोस्टाने तर ऐकलं.

आई विचारते, "काहून येरझारा घालून राह्यली वं? नोकरी जाईन काय तुही?"

जाईलही. पण ऐकू गेलं नसेल, तर पुन्हा म्हणायची हिंमत होईल?

सकाळच्या एसटीने निघते. समोर उभी राहून सांगेन.