झऱ्याकाठची झोप

३ मे

डोंगरातल्या काल्का गावी पोचले. लिमाच्या त्या राखाडी धुक्यातून सुटले एकदाची! खोली छान आहे, खिडकीतून मक्याचं शेत आणि त्याच्या कोपऱ्यातला झरा दिसतो. बाळाची आई नोएमी औषधांचं दुकान चालवते. सात महिन्यांचा एल्मेर दुपारी अर्धा तास झोपतो न झोपतो तोच भोंगा लावतो. तिला दुकानात परत जायचंय, म्हणून पोरांना झोपेची शिस्त लावायला मला बोलावलंय. असली पुष्कळ पोरं मी वळणावर आणलीत.

दुखणं तासाभरात सापडलं. नोएमीची सासू, फोर्तुनाता आजी. झोपेत पोराचा जीव भटकतो म्हणे, म्हणून ही बाई मधूनमधून कानाशी येऊन हाका मारते. उचलतानाही उशीकडे बघून, 'चल रे एल्मेर, मागे राहू नकोस.' मग पोर झोपणार कसं? तेवढी अक्कल असती तर मला कोण विचारतं!

५ मे

हाका बंद केल्या. पाळणा झऱ्याकाठी हलवला, वाहत्या पाण्याच्या आवाजाने झोप लांबते. आजीने थयथयाट केला. झरा लहान पोरं धरून ठेवतो म्हणे. मी म्हटलं, ठेवू दे की धरून, तेवढाच जास्त निजेल. नोएमी हसली. सासूसमोर हसायची तिची पहिलीच वेळ असावी.

बाळाच्या कपड्यांना आंबूस दुधाचा वास आणि आजीला मेंढ्यांचा. कपडे सगळे उकळून काढले, लोकरीच्या टोपीसकट. आजीला उकळता येत नाही. माझे ॲप्रन मी रोज उकळते. माझ्या कपड्यांना कसलाच वास येत नाही, याचा मला अभिमान आहे.

९ मे

दोन तास झोपला! नोएमीने आनंदाने मला चीज घालून मक्याची कणसं खाऊ घातली. म्हातारी चुलीपाशी तोंड फुगवून बसली होती. पालथ्या घड्यावर पाणी.

१२ मे

ऊन उतरेपर्यंत झोपला. उठल्यावर रडला नाही. दूधही मागितलं नाही. मी म्हटलं, याला म्हणतात शहाणं बाळ.

नजर मात्र कशावर ठरत नाही.

१४ मे

डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे. पण दूध ओठांवरून ओघळून जातं. नोएमी माझ्याशी बोलत नाही.

आजी म्हणते, पोर झऱ्यापाशी राहिलंय. अंगाच्या वासाचं कापड झटकत हाक मारायची, वासावर जीव परत येतो. कापड मागितलं. तिने एकेक झबलं नाकाला लावलं आणि खाली ठेवलं. शेवटी टोपी. मग माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हसायला गेले, हसू आलं नाही.

१५ मे

रडणं ऐकू येतंय. झऱ्याकडून. एल्मेर माझ्या मांडीवर आहे. तोंड मिटलेलं.

नोएमीलाही ऐकू येतंय.

१६ मे

आवाज बारीक होत चाललाय. मी घाबरलेय. लिहूनच टाकते, घाबरलेय.

१७ मे, दुपार

कपड्यांच्या पेटीमागे एल्मेरचा एक मोजा सापडला. न धुतलेला, आंबूस. माझ्या हातून निसटलेला एकच. तो नाकाला लावून मी रडले.

आजी म्हणाली, ग्लादिस, तू निजवलंस त्याला तिथे, आता तूच तिथे जाऊन बस. रडणं घराकडे सरकलं की ऊठ. पण डोळा लागू देऊ नकोस, बाई.

बसलेय. वही सोबत आणलीय. आजी दारात मोजा झटकते आहे, हाका मारते आहे. किती गोड आवाज आहे तिचा, आजवर लक्षातच आलं नाही—

रडणं उठलं. माझ्या अंगावरून गेलं. घराकडे—

एल्मेर रडतोय! घरातून! भूक लागल्याचं खरंखुरं रडणं. नोएमी हसतेय. आता उठतेच, जरा डोळे—

.

पाण्याचा आवाज फार जवळ.

ते कुणाला तरी उचलून घरात नेताहेत. पांढरा ॲप्रन. डोळे उघडे, नजर कशावरच नाही. बूट माझे आहेत.

आजी दारात आली. चल गं ग्लादिस, म्हणतेय, मागे राहू नकोस. मी ओ देतेय. कुठून यायचं कळत नाही—

तिच्या हातात माझा ॲप्रन. नाकाला लावला. खाली ठेवला. दुसरा घेतला. तोही खाली. आजी, सगळे उकळलेले आहेत गं, सगळे मी—