बालगृहातले चौदा महिने

३ मार्च २०२५, मॉरिसव्हिल

फॉर्म आला! एकवीस पानं. सरकारी बालगृहांत ज्या मुलांचे हाल झाले त्यांची राज्य सरकार माफी मागणार, भरपाई देणार. भूषण म्हणाला, “भर ना अस्मिता. पैशांसाठी नाही, नोंद व्हावी म्हणून.” नवऱ्याला सोपं वाटतं. सत्तेचाळीस वर्षांनी काय लिहू?

५ मार्च

पहिलाच प्रश्न – बालगृहात का ठेवलं?

बर्फावरून गाडी घसरली, बाबा गेले. अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. आईनं अंथरूण धरलं, तिला हॉस्पिटलात नेलं. सहा महिन्यांच्या भावाला, रवीला शेजारच्या काकूंनी ठेवून घेतलं. मी दहा वर्षांची – मला न्यायला सरकारी गाडी आली. चौदा महिने राहिले.

आई दोन महिन्यांत बरी होऊन घरी आली होती. मला भेटायला एकदाही आली नाही. हे मात्र फॉर्ममध्ये कुणी विचारलेलं नाही.

९ मार्च

लिहायला बसलं की चांगलंच आठवतं! मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरी आणि त्यांच्यातून पळणारी डोरीन. पिवळे केस, समोरचा दात पडलेला. मी तिला मराठी आकडे शिकवले. ‘तीन’ला ‘टीन’ म्हणायची. ‘अठ्ठावीस’ आलं की हसून हसून गवतात लोळायची. शनिवारी पॅनकेक असायचे, स्वयंपाकीणबाई माझ्या ताटात हळूच एक जास्तीचा सरकवायच्या.

अजूनही ड्रायरमधून गरम चादर काढली की मी क्षणभर तिथे असते. लाज वाटते. त्या जागेची आठवण गोड कशी?

१० मार्च

नाही लिहिलं. दुकानात गेले, पॅनकेकचं पीठ घेऊन आले. वेडेपणा!

१४ मार्च

आज लिहिलं, एका दमात. मराठी शब्द कानावर पडला की बालगृहाची मेट्रन लाकडी पट्टीनं तोंडावर मारायची. ओठ फाटायचा. एकदा तिनं आमचे आकडे ऐकले. दोघींना बॉयलरच्या खोलीत कोंडलं. दोन दिवस. अंधार आणि त्या बॉयलरची घरघर. डोरीन रडली नाही. माझ्या तळहातावर बोटानं मोजत राहिली – एक, डोन, टीन...

इंग्रजी तपासायला इलाला दिलं. वाचून लेक एवढंच म्हणाली, “आई, यू नेव्हर टोल्ड मी.” मग बाहेर जाऊन बराच वेळ गाडीत बसून राहिली.

२ एप्रिल

भरपाई योजनेच्या ऑफिसमधल्या बाईंचा व्हिडिओ कॉल. शेवटी त्यांनी विचारलं, अजून काही सांगायचंय? माझ्या तोंडून निघून गेलं – मला तिथलं चांगलंही आठवतं, माझं काही चुकतंय का? त्या म्हणाल्या, “जवळजवळ सगळेच हे विचारतात, मॅम.”

डोरीन कुठे आहे, तेही विचारलं. सांगता येत नाही म्हणे, नियम आहे. स्वतःची फाइल मात्र मागता येते. मागितली.

६ एप्रिल

चँडलरला रवीकडे फोन केला. आई त्याच्याकडेच असते, त्र्याऐंशीची आहे आता. म्हटलं, “आई, बालगृहाबद्दल सरकारला सगळं लिहून दिलंय.” ती – “वरणाला फोडणी द्यायची राहिलीय गं,” आणि फोन रवीच्या हातात. नेहमीचंच! एकदा तरी म्हण ना, ‘आले नाही, चुकलं माझं.’ एवढंच हवंय मला. सरकारची माफी मिळेल, हिची नाही.

११ जून

मंजूर! माफीचं पत्र आलं. दोनदा वाचलं. रडू येईल असं वाटलं होतं, नाही आलं. सोबत जाडजूड फाइल. उद्या उघडीन. भूषण घरी असेल.

१२ जून

फाइलमध्ये भेटींचं एक पान आहे. एक्केचाळीस रविवार. प्रत्येक तारखेपुढे तेच – ‘आई आली. इंग्रजी येत नाही. फाटकावरून परत पाठवलं.’

फोन केला. “आई, तू येत होतीस? मग सांगितलं का नाहीस?”

आज तिनं फोन रवीकडे दिला नाही.

“आत कुठे येऊ दिलं गं मला? मग ‘आले होते’ असं कोणत्या तोंडानं सांगू?”