शिरोलीच्या फाउंड्रीचा लोखंडी जिना

मी, हंबीरराव दत्तोबा चौगले, वय ६९, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, कान तर गरजेपेक्षा जास्त चांगले आहेत, आणि पुढील मजकूर कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेला नाही. २०१९ सालचे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. का, ते कलम तीनमध्ये.

१. राजारामपुरीचे घर व बँकेतील ठेवी मुलगा विश्वजित यास. घर विकू नये असे मी म्हणणार नाही; त्याच्या आईने लावलेला सोनचाफा मात्र तोडू नये.

२. मेहुणे धैर्यशील यांना काही नाही. मुलगी संयोगिता हिचा आजार कळल्यावर "रिपोर्ट झाकून ठेवा, लग्न उरकून टाका, दाजी," हा सल्ला त्यांचा. दिवसकार्याच्या जेवणाला यावे. ते चुकवत नाहीतच.

३. शिरोली एमआयडीसीतील फाउंड्री माझी स्वकष्टार्जित. मोल्डर म्हणून लागलो, मालक झालो, ते या कानांवर. ओतलेल्या नगावर हातोडी मारायची. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत तडा, रिजेक्ट.

२०१८ साली संयोगिताला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान झाले. त्याआधीच मी ऐकले होते: ऑफिसच्या लोखंडी जिन्यावर तिचा उजवा पाय पायरीला घासत होता. डॉक्टरांनी नसांच्या चाचण्या केल्या. पडद्यावर काळेपांढरे चौकोन दाखवले, घोट्याजवळ बारीक करंट दिला, आणि संदेश मेंदूपर्यंत किती वेळात पोचतो ते मोजले. उशिरा पोचत होता.

"यावरून पुढच्या दहा वर्षांत चालणं किती अवघड होईल याचा अंदाज येतो," डॉक्टर म्हणाले. "पण..."

तो 'पण' ऐकायला मी थांबलो नाही. पुढच्या वर्षी मृत्युपत्रात फाउंड्री विश्वजितच्या नावे लिहिली.

"अप्पा, मी कास्टिंग हाय व्हय?" संयोगिता म्हणाली. "एक ठोका मारला आणि रिजेक्टात टाकलासा?"

ती इथले काम सोडून कागलच्या एका कारखान्यात डिझाइनला लागली. आता हातात काठी आहे. चाचणी खोटी नव्हती. पण गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने तिकडचे ड्रॉइंग दाखवले. साच्यात लोखंडाचा रस कुठून सोडायचा, यातली तिची खोड मी लगेच ओळखली. मला ते चाळीस वर्षांत सुचले नव्हते.

सहा वर्षे त्या जिन्यावर सगळ्यांचे पाय वाजत होते. मी तो एक घासणारा पाय ऐकायला बसत होतो.

फाउंड्री सर्वस्वी संयोगिताची. विश्वजितला विचारले आहे. तो म्हणाला, "मला विक्री जमती, भट्टी तिला. मी तवाच सांगत हुतो की!"

४. माझी हातोडी संयोगितास. तिने ती फक्त लोखंडावर मारावी.

५. ऑफिस मी गेल्या महिन्यात खाली आणले. उंबरठा काढला, गेटपासून दारापर्यंत उतार केला. खुर्ची तिचीच, जुनी. एवढे कलम अमलात येण्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

एक प्रत आजच कागलला जाईल. साक्षीदार कृष्णात म्हणतो, "पोस्टानं नगो मालक, मी नेतो. येताना गाडीत मागची शीट मोकळी हाय."

वाचून, दोघांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर.

ठिकाण: शिरोली, कोल्हापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) हंबीरराव दत्तोबा चौगले

साक्षीदार:
(सही) कृष्णात बाबू खोत, मोल्डर
(सही) मीरासाब हुसेन मुल्ला, पॅटर्नमेकर