पहिली फेरी

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या वर ठेवतोय, म्हणजे सकाळी आधी हेच हाताला लागेल. समोर बोलायला गेलो की तू "आले भन्तेजी!" म्हणून हसतोस आणि माझी गाडी तिथेच अडते.

बाबांची पद्धत आठवते ना? लिफ्टचा दोर ज्याने बसवला, पहिली फेरी त्यानेच मारायची, वरपर्यंत आणि परत. त्याआधी कोणाला आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. हल्ली दोर बसवून झाला की तुला नेमका फोन येतो, नाहीतर चहाची तल्लफ. उतरवलेला जुना दोर घासूनपुसून, तेल पाजून नवा म्हणून चढवतोस, हे मला त्या चुकवलेल्या फेऱ्यांवरूनच कळलं.

विहारात पंचशील तू माझ्या शेजारी बसूनच म्हणतोस. बाहेर आल्यावर टोकलं, तर म्हणालास, "पाप करतोय तर धंदा का वाढतोय रे? मागच्या जन्मीचं पुण्य दांडगं आहे आपलं." तुझं नाव न घेता मी भन्तेजींना विचारलं. ते म्हणाले, आजचं भाग्य मागच्या कर्माचं असेलही. आजच्या कर्माचं फळ अजून वाटेत आहे. तेव्हापासून मी एकच हिशेब करतोय. वाटेत म्हणजे कुठवर आलं असेल?

आई सगळ्यांना सांगत सुटलीय की वहिनीच्या पोटी बाबाच येणार. आलेच, तर तुझ्याच दोराला लोंबकळत येतील.

कारण वहिनीचा दवाखाना बदललाय. काल सांगत होती, तपासणी सगळ्यात वरच्या मजल्यावर असते. जिन्याने जा म्हटलं, तर हसली. "या पोटाने? आणि भाऊजी, लिफ्ट ह्यांनीच बसवलीय, घाबरायचं कसलं?" आज जाऊन दोर पाहिला. तेलाखाली तारा तुटून केसांसारख्या उभ्या राहिल्यात. लिफ्ट बंद केलीय, किल्ली माझ्या खिशात आहे. सकाळी मी लिफ्टच्या दारातच बसलेला असेन. नवा दोर घेऊन ये, चढव आणि पहिली फेरी तू मार. बाकीच्या लिफ्टांचे दोरही आपण एकेक करून बदलू. पण किल्ली हिसकावून घेतलीस, तर मी आत जाऊन उभा राहीन. बटण तुला दाबावं लागेल.

वाट पाहतोय.

तुझाच,
धाकटा