दुधी काचेवरचा अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, या घराच्या उंबऱ्यावर, माझ्या मेव्हण्यांनी माझा अपमान केला. नोंद करून ठेवते. समोरच्या शिंपीणबाईंनी कोण पाहुण्या म्हणून विचारलं, तर या गृहस्थांनी खुशाल सांगितलं की मणी धुवायला बाई आणलीय. मी त्यांच्या बायकोची सख्खी मोठी बहीण, शाळेच्या कार्यालयातून मुख्य कारकून म्हणून सन्मानाने निवृत्त झालेली! तिथल्या तिथे सांगितलं की बाई आलीय खरी, पण धुवायला कोणाला घेईल त्याचा नेम नाही. शिंपीणबाई हातातली कात्री खाली ठेवून हसल्या. मेव्हणे आत निघून गेले. सुरुवात झकास झाली.

एरवी मी अगदी खुशीत आहे. मागची खोली माझ्या ताब्यात आलीय. दोन टेबलं, नळ, अंगणाकडे उघडणारी गजांची खिडकी, आणि दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच. धाकटी इथे बसून ज्योतीवर काच वितळवायची आणि मणी वळायची. उन्हाळ्यात गेली ती. झोपेत हृदय बंद पडलं असं मेव्हण्यांनी फोनवर सांगितलं, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलंही होतं. तिने वळलेले मणी डबे भरून पडलेत. त्यांची चकाकी घालवून ते दुधी करून द्यायचे, एवढंच काम. मेव्हण्यांना ते जमेना, म्हणून माझी आठवण झाली. झाली तर झाली. तिच्या हातचं अर्धवट राहिलेलं माझ्या हातून पुरं होणार, याचाच मला आनंद आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

काम शिकले. शिकले म्हणजे काय, धाकटी फोनवर याबद्दल इतकं बोलायची की अर्धं पाठच होतं. मणी नायलॉनच्या दोऱ्यात सैल ओवायचे, द्रावणात सोडायचे, मधूनमधून हलवायचे, पाव तासाने काढून सोड्याच्या पाण्यात बुडवायचे आणि मग नळाखाली धरायचे. हे द्रावण काचेचा वरचा पापुद्रा खातं. म्हणून ते काचेत ठेवायचं नाही, धातूत तर नाहीच. जाड प्लास्टिकचा डबा, घट्ट झाकण, सावलीची जागा. थंडीने तळाशी खडे धरले तर डबा कोमट पाण्यात ठेवायचा. फेकायचं नाही, तेच पुन्हापुन्हा वापरता येतं.

आणि हा डबा मेव्हण्यांनी कुठे ठेवला होता? स्वयंपाकघरात, पिण्याच्या पाण्याच्या हंड्याशेजारी, वर साधी चिठ्ठीसुद्धा नाही! लहानपणी नन्सच्या शाळेत आम्ही दोघी बहिणी खोडरबरावरही नाव घालत असू. मी डबा मागच्या खोलीत हलवला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहून चिकटवलं. हातमोजे पाहिले तर भांडी घासायचे, पातळ, आणि उजव्याच्या अंगठ्याला भोक. ते फेकले, जाड रबराचे आणवले. मेव्हणे कुरकुरले की तिला तर तेच चालायचे. हो, तिला काय काय चालवून घ्यावं लागलं ते एकदा विचारायचंय मला.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्या माळा बिघडल्या. मणी सुरेख दुधी झाले, पण प्रत्येकावर एक चकचकीत ठिपका. तेलकट जागी द्रावण काच खात नाही. बोट लागलं की तेवढाच भाग चमकत राहतो. मेव्हण्यांनी ऐकवलं की ताई, डोक्याला तेल लावून कामाला बसत जाऊ नका. मी म्हटलं, तुमच्या डोक्यावर लावायला जागा भरपूर, केस नाहीत, म्हणून इतरांवर का जळता?

मणी साबणाने धुतले. हातमोजे घालूनच ओवले. पुन्हा ठिपके.

भिंग घेऊन बसले. ठिपके नव्हेत ते, अंगठ्याचे ठसे आहेत. मोठ्या मण्यांवर कातडीच्या रेषासुद्धा दिसतात, आणि त्या रेषांना तिरकं कापणारी एक खूण. ही खूण मी ओळखते. लहानपणी पत्र्याच्या डब्याने धाकटीचा अंगठा कापला होता. चिंधी मीच बांधली होती.

मणी तिने वळले, ठसा तिचा असणारच. पण साबणाने धुतल्यावरही?

११ नोव्हेंबर, मंगळवार

मेव्हण्यांचा पाणी प्यायचा पेला दुधी झालाय. कडेला एक अंगठा तेवढा लख्ख. ते तरातरा आले आणि पेल्यात द्रावण ओतल्याचा आरोप त्यांनी माझ्यावर केला. मी डबा दाखवला. झाकण घट्ट, द्रावण जिथे होतं तिथेच. दुपारी त्यांचा दाढीचा आरसा गेला. संध्याकाळी त्यांच्या घड्याळाची काच. माझ्या चष्म्याला, माझ्या पेल्याला काही नाही.

खोटं कशाला लिहू, भीती वाटण्याआधी मला हसू आलं. धाकटी लहानपणीही अशीच होती. रुसली की ज्याच्यावर रुसली नेमकं त्याचंच काहीतरी बिघडवून ठेवायची.

पण ती मेव्हण्यांवर का रुसलीय?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

औषधाच्या दुकानात गेले. द्रावण अंगावर उडालं तर जवळ काहीतरी असावं म्हणून. दुकानदार आधी थट्टेत बोलत होता. द्रावणाचं नाव ऐकलं आणि थट्टा थांबवली. म्हणाला की हे कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखत नाही, तेच वाईट. आत उतरत हाडापर्यंत जातं. दुखायला लागेपर्यंत रक्तातलं कॅल्शियम खाल्लेलं असतं, आणि मग हृदय बंद पडतं. लागल्या क्षणी भरपूर पाणी, मग हे मलम, आणि डॉक्टर. दुखायची वाट बघायची नाही. मलमाची एकच ट्यूब होती. घेतली.

झोपेत हृदय बंद पडलं, असं फोनवर ऐकलेलं आठवलं. घरी न जाता शिंपीणबाईंकडे बसले. धाकटी गेली त्या दिवसाबद्दल त्यांना विचारलं. हातातलं काज त्यांनी पुरं केलं. मग बोलल्या. दुपारी धाकटी दारात आली होती. पांढरा पडलेला अंगठा दाखवून म्हणत होती की बघा, मण्यांसारखी मीही दुधी व्हायला लागले. डॉक्टरकडे निघाली होती. डॉक्टर याच गल्लीच्या टोकाला. आतून मेव्हण्यांनी हाक मारली की माल सकाळी जायचाय, फोडासाठी डॉक्टर कसला, उद्या बघू. संध्याकाळी तिचं रडणं गल्लीपर्यंत येत होतं. शिंपीणबाईंनी दार वाजवलं तर मेव्हण्यांनी सांगितलं की झोपलीय.

शिंपीणबाई म्हणाल्या, “मला वाटलं नवराबायकोचं बिनसलंय. मी परत फिरले हो, ताई.”

मी उठले. बोलण्यासारखं काही होतं ते दुसऱ्याच माणसाशी.

१६ नोव्हेंबर, रविवार

मेव्हण्यांना समोर बसवलं. दोनच प्रश्न. तिने तुम्हाला अंगठा कधी दाखवला? डॉक्टरला तुम्ही कधी बोलावलं? उत्तर लेखी द्या, सहीनिशी. मी ते घेऊन पोलिसांकडे जाणार आहे. त्यांनी आधी उडवून लावलं की तुम्ही काय न्यायाधीश लागून गेलात? मग म्हणाले की गेलेली काही परत येत नाही. मग, की त्यांना काय ठाऊक, तीच तर म्हणत होती दुखत नाही म्हणून.

म्हणजे दाखवला होता.

आम्ही बोलत असतानाच खिडकी दुधी होत गेली. खालून वर, दूध भरत जावं तशी. मेव्हण्यांना वाटलं बाहेर धुकं पडलंय. दुपारचं ऊन होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्या खिडक्या गेल्या. दिवे जळतात पण उजेड पसरत नाही. मेव्हण्यांच्या चष्म्यातून त्यांना काही दिसत नाही. नवा आणला, घरात पाऊल टाकताच तोही गेला. भिंतीला धरून चालतात. ओरडतात की बाहेर फेकतो ते द्रावण आणि तुम्हालाही.

प्रत्येक काचेवर अंगठा. आता नुसता अंगठा नाही. बोटं. तळवा.

तळवे खिडक्यांच्या आतल्या बाजूला आहेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

माझाही चष्मा गेला. दोन्ही काचांवर मात्र एकेक अंगठा स्वच्छ. तेवढ्यातूनच बघते, लिहिते. मान वळवली की सगळं पांढरं. मेव्हण्यांकडे बघितलं तरच स्पष्ट दिसतं.

तिला काय हवंय ते मला कळलंय. मलाही तेच हवंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी ते मागच्या खोलीत गेले. डबा फेकायला. झाकण मी स्वतः लावलं होतं, पिळून. त्यांनी उचलताच ते सुटलं. द्रावण दोन्ही हातांवर, मनगटापर्यंत. त्यांनी शर्टाला हात पुसले आणि हसले. म्हणाले की बघा, काही होत नाही. जराही दुखत नाही.

डबा मी काढून घेतला. बाहेर आले. कडी लावली.

ट्यूब माझ्या खिशात आहे. डॉक्टर गल्लीच्या टोकाला आहे. नळ आत आहे, पण त्यांना तो सापडत नाहीये. मी दाराबाहेरून सांगितलं की उत्तर लिहा, सही करा, कागद दाराखालून सरकवा. मग मलम. मग डॉक्टर.

ते म्हणाले, ताई, थट्टा पुरे.

—

आता थट्टा म्हणत नाहीत. बोटं आतून ठणकतायत म्हणतात. हाडात. ताई, ताई. कागद दिलाय, पेन्सिल दिलीय. पेन्सिल धरवत नाही म्हणतात. तिलाही काही धरवत नसेल.

शिंपीणबाईंनी पुढचं दार वाजवलं. मी सांगितलं की झोपलेत.

हे मी काय बोलले?

—

दाराच्या काचेवर तळवा उमटला. आतून. तेवढ्या जागेतून दिसतं. ते खाली बसलेत, भिंतीला टेकून. शेजारी कुणीतरी त्यांचे दोन्ही हात धरून उभं आहे. सोडत नाही. ते ओढून बघतायत, सोडत नाही.

तोंड माझ्याकडे आहे तिचं.

हसत नाहीये ती. मला वाटलं होतं हसेल—

—

डबा काढून घेताना हातमोजा घातला होता. उजवा. जाड रबराचा, नवा, मी तपासला होता. आत ओलं लागतंय. अंगठ्यापाशी. काढून बघितलं. पांढरा पडलाय.

दुखत नाही.

नळ आत, हंडा स्वयंपाकघरात, दारापासून मी हलणार नाही. ट्यूब एकच. दार उघडणार नाही. आधी उत्तर. मी वाट बघू शकते, तिने बघितली, मीही— अंगठा आतून ठणकायला लागलाय, लिहायला धरवत नाही.

मेव्हणे, शेवटचं सांगते. हे लिहून दाराखालून सरकवतेय, कुणाला तरी वाचायला सांगा, ती वाचून दाखवेल. तिने अंगठा कधी दाखवला. तुम्ही डॉक्टरला कधी बोलावलं. सबबी नकोत. उत्तर लेखी, स्वच्छ अक्षरात, सहीनिशी, आज संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे, नाहीतर मी कडी