जुनं घर आधी झाडू नका

प्रिय तोमोया,

पत्राची सुरुवात ऋतूपासून करायची, प्लमला कळ्या आल्या, वाऱ्याची धार बोथट झाली अशा दोन ओळी लिहायच्या, हे मला हायस्कुलात शिकवलं होतं आणि आजवर मी ते पाळलं. आज पाळत नाही. प्लम त्याचा तो फुलेल. मी चिडलेली आहे, आणि चिडलेल्या बाईनं फुलांबद्दल लिहिलं की ते खोटं दिसतं. कागद पाठकोरा आहे, मागे मच्छीमार संस्थेचं गेल्या सालचं कॅलेंडर आहे, तिकडे बघू नकोस.

मार्चअखेर आपल्या बेटवाल्यांचं गप्पांचं अंगण, "कूताका", बंद पडतंय. सर्व्हरचं नाव तू तुझ्या नावावर नोंदवलं होतंस, त्याची मुदत संपतेय, आणि सूचना जातात तुझ्या जुन्या कचेरीच्या पत्त्यावर, जो तू नोकरीबरोबर सोडलास. मी नोंदणीवाल्यांना फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "काकू, तुम्ही पैसे भरायला तयार आहात हे कळलं, पण नाव ज्यांचं आहे त्यांनीच सांगायला हवं." म्हटलं, मी त्याची आई आहे. "हो ना, आवाजावरून वाटलंच," म्हणाली, आणि नाही ते नाहीच. तुला फोन करावा तर तू उचलत नाहीस. इतर घरांना जुनी पाटी काढून नवी लावता येते. सर्व्हरच्या जगात नाव गेलं की घर गेलं, आणि आत राहणाऱ्यांचे पत्तेही गेले. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा बोटीत बसून ओसाकाला गेला होता.

घाबरू नकोस, नाव वाचव म्हणून हे पत्र नाही. ते मी सोडून दिलंय. नवी जागा भाड्यानं घेतली, नाव ठेवलं "मो-कूताका". जुनं नाव विचारायचं, जेवलास का; नवं विचारतं, झालं का एकदाचं जेवण. पोस्टातून निवृत्त झालेले इसोबेकाका म्हणाले, "फुसाए, नावातच वैताग दिसतो." म्हटलं, दिसू दे, चालवणारीचाच आहे.

तू हे माझ्या गळ्यात घालून गेलास तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतं? "आई, सोपं आहे. बेटावर राहिलेली आणि बेट सोडून गेलेली माणसं एका अंगणात बसतात, आपल्या बोलीत गप्पा मारतात. शेजारी दुसऱ्यांची अंगणं, तिकडेही येजा चालते. सगळ्या गल्लीला मालक कुणी नाही." मालक नाही म्हटल्यावर गटार कुणाचं, ते तू सांगितलं नाहीस. मियोकोनं नागोयात बसून शेजारच्या सर्व्हरवरच्या कुण्या मांजरवेड्याशी ओळख केली, की त्याच्या सगळ्या मांजरांचे फोटो आमच्या कोठारात मुक्कामाला. न मागता आलेले हे फोटो मी दर सोमवारी काढून टाकते, फ्रीज आवरावा तसे. मग तक्रारी. हिसानोकाकूंची तक्रार, की इसोबेकाकांनी त्यांच्या लोणच्याला चारचौघांत खारट म्हटलं. इसोबेकाकांची तक्रार, की खाऱ्या लोणच्याला खारट म्हटलं तर तक्रार होते. एका सर्व्हरवरून घाणेरडी चित्रं यायला लागली म्हणून त्याच्याशी दार लावून घेतलं, तर तिथला एक भला माणूस तोकुमारूआजोबांशी पटावर गो खेळायचा, तो डाव अर्ध्यावर तुटला. आजोबा जिंकत होते म्हणे. आठवडाभर त्यांनी मला रस्त्यात ओळख दिली नाही.

सकाळी देवघरात भात ठेवून नाम घ्यायला बसते, तेव्हाही हेच डोक्यात. अमिदा बुद्ध सगळ्यांना जवळ घेतो, कुणाला बाहेर ठेवत नाही. खरं आहे, पण त्याला सर्व्हर चालवावा लागत नाही.

आता या सगळ्यांना नव्या घरी हलवायचंय. रीत दोन पायऱ्यांची. आधी नव्या घरी खातं उघडून सांगायचं, "जुन्या घरातला तो मीच." मग जुन्या घरी परत येऊन बटण दाबायचं, "मी तिकडे निघालो." एवढं केलं की ओळखीची माणसं आपसूक मागोमाग येतात. लिहिलेलं येत नाही, ते तिथंच राहतं. आणि हे ज्याचं त्यानंच करायचं. मी घरची मालकीण असून कुणाला गोठवू शकते, पुसू शकते, पण उचलून तिकडे नेऊन ठेवू शकत नाही. लोकांना हे पटत नाही. "तूच दाब की गं, तुझ्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत ना," म्हणतात. आहेत, पण ही नाही.

तोकुमारूआजोबांनी काय केलं सांगते. शिस्तीचा माणूस, सगळ्यांच्या आधी निघाला. भाड्याचं घर सोडताना झाडून-पुसून, रिकामं करून द्यावं, ही आपली रीत. म्हणून त्यांनी आधी जुनं खातं पुसलं. स्वच्छ. मग नव्या घरी येऊन सांगायला लागले की जुन्या घरातला तो मीच, तर जुन्या घरी कुणीच नव्हतं. त्या नावानं तिथं पुन्हा खातंही उघडत नाही. इतक्या वर्षांत जोडलेली माणसं, त्यात साप्पोरोची नात, सगळी गेली. मुळा घेऊन आले आणि आपल्या दाराच्या पायरीवर बसून राहिले. "मी तर नीट झाडून निघालो होतो, पोरी. कुणी बोट ठेवू नये असं." मला ओरडताही येईना. म्हणून आता सर्व्हरवर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लावलंय: जुनं घर आधी झाडू नका. नातीला मी स्वतः निरोप धाडला. ती आली परत. आजोबांनी तिला पहिला शब्द लिहिला, "कूताका."

जे नीट पोचतात ते सोबाच्या शेवयांचे फोटो टाकतात. हललं की शेजाऱ्यांना सोबा द्यायची, मग घर खरं असो नाहीतर असं. हिसानोकाकू तर खरीखुरी पाकिटं घेऊन समोरून आल्या. म्हटलं, तुम्ही कुठे हललात? म्हणाल्या, "वा, हलले की. काल दुपारी, तूच तर हलवलंस."

बघ, लिहिता लिहिता हसले. चिडले होते ते राहूनच गेलं. तर ऐक.

तू बाबांचं खातं गोठवलंस ते बरोबर केलंस. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण तेव्हा कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. शाळेच्या इमारतीचं काय करायचं यावर वाद चालला होता, आणि मियोकोसारख्या भल्या बाईला बाबांनी सगळ्यांदेखत लिहिलं, "जिला एक नवरा सांभाळता आला नाही, तिनं बेट कसं सांभाळायचं ते शिकवू नये." असं लिहिणाऱ्याला बाहेर ठेवायचं, हा नियम तूच केला होतास. तो तू बापाला लावलास. माझा राग नियमाचा नाही. आपण तिघं एका टेबलाशी जेवत होतो, तोमोया. मिसोसूपचा वाडगा पुढे सरकवताना सांगता आलं असतं, बाबा, हे पुसा, नाहीतर मला असं करावं लागेल. त्याऐवजी त्यांना ते धक्क्यावर कळलं. कोणीतरी म्हणालं, "कुनियासुसान, बर्फात ठेवलं म्हणे पोरानं. माशासारखं." माणसं हसली. ते घरी आले आणि तुला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. तू म्हणालास, "हे घर तुमचं आहे, ते घर सगळ्यांचं आहे." दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मी मध्ये भाताचं भांडं धरून उभी. त्यानंतर नवीन वर्षं आली नि गेली, सणाची तांदळाची मोची दोघांपुरतीच केली.

आता जुन्या घरात थोडेच उरलेत. त्यात एक खातं आहे, त्याच्यावरून मला सगळ्यात जास्त ऐकावं लागलं. नाव, "टवका गेलेली वाटी." फोटो नाही. आजवर एक शब्द लिहिलेला नाही. मी सकाळी "कूताका" लिहून काय शिजवलं ते सांगते, त्याला रोज पसंतीची एक चांदणी देऊन हे खातं गप्प. लोकांना चघळायला विषय. इसोबेकाका म्हणाले, "यंत्र असणार. माणूस इतका नेमानं वागत नाही." हिसानोकाकूंना वाटतं करखात्याचा हेर आहे, आणि लोणचं विकतात ते त्याला कळलंय. मियोकोनं लिहिलं, "फुसाएकाकू, या वाटीत काही पडत नाही आणि ही वाटी काही वाढतही नाही. काढून टाका ना." रीतसर तक्रारी आल्या. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: न बोलण्याविरुद्ध आपल्याकडे नियम नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा धक्क्यावर घसरले आणि मनगट सुजलं. मी ते सकाळच्या ओळीत लिहिलं, भात आणि वाळवलेला मासा, आणि हे घसरले म्हणून. बाकी कुणाला कळवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ओसाकाच्या एका दुकानातून दुखण्यावर लावायच्या पट्ट्यांचं खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आणि पट्ट्या त्या जुन्या वासाच्या, ज्या बाबांनाच चालतात आणि इथं आता मिळत नाहीत. बाबांनी एक लावली. म्हणाले, "ओसाकाच्या दुकानदारांना हल्ली मनातलं कळतं वाटतं."   खोकं मात्र त्यांनी टाकू दिलं नाही, त्यात आता गळ ठेवतात.

नव्या घराचं काम सुरू झालं तेव्हा एकदा जेवताना ते म्हणाले, "तिकडे मला घेतील का?" मी म्हटलं, तिकडे मालकीण मी आहे, आणि नियम तेच आहेत; आधी मियोकोला फोन करा. ते उठून बाहेर गेले, जाळी विणत बसले. वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला, उभ्यानं, टोपी काढून. "कुनियासु बोलतोय. ते वाक्य वाईट होतं. माघारी घेतो." पलीकडून मियोकोचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "इतकी वर्षं? बोट उशिरा सुटली का, काका?" त्यावर ते काय म्हणाले माहीत आहे? "समुद्र खवळलेला होता." आता ते नव्या घरात आहेत. रोज जेवणाचा फोटो टाकतात, निम्म्या फोटोत त्यांचा अंगठा असतो. तुझ्या नियमांचं पान मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बरं लिहिलंय. कुणी लिहिलं?" कुणी लिहिलं ते त्यांना ठाऊक होतं.

तर, हे पत्र कशासाठी लिहिलं ते. तुझी लहानपणची भाताची वाटी फडताळात आहे. टवका गेलेली वाटी ठेवू नये म्हणतात, मी चिकटवून ठेवली, काटकसर म्हण. म्हणून त्या खात्याचं नाव पहिल्या दिवशी बघितलं तेव्हाच मला दुसरं काही शोधावं लागलं नाही. मार्चअखेर जुनं घर नाहीसं होईल आणि ती वाटी त्याबरोबर जाईल. सगळ्यांना मी हात धरून आणलं, तिला आणू शकत नाही. ते तुझं तुलाच करावं लागेल. नव्या घरी येऊन आधी सांगावं लागेल, जुन्या घरातली ती वाटी मीच. मोठ्यानं नाही, एका चौकटीत लिहायचं असतं, फार तर मी वाचेन. मग परत जाऊन बटण दाब. उलट क्रमानं करू नकोस, आणि निघताना तोकुमारूआजोबांसारखं झाडूही नकोस. तुझ्या खात्यात एक शब्द नाही, त्यामुळे तुझं मागे काहीच राहणार नाही, राहतील फक्त माझ्या ओळींवरच्या चांदण्या, त्या राहू देत. पोचलास की लोक सोबाची वाट बघतील, हलणाऱ्यानं द्यायची असते. फोटो चालेल. खरी आणायची असेल तर दुपारची बोट अजून चालू आहे, आणि धक्क्यावर जो माणूस काही काम नसताना उभा असेल त्याच्याजवळ दिलीस तरी पोचेल.

कूताका?

चिडून लिहायला बसलेली, वाटी फडताळातून काढून धुऊन ठेवणारी,
तुझीच आई