ईडा स्केफची वही

३ मार्च, सकाळ
‘स्कार्थवेटच्या नागरिकांनो, आपल्या गावाने आपली कवयित्री जिवंतपणीच पुरून टाकली!’ भाषणाची सुरुवात झाली. उत्तम. ईडा स्केफ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मध्येच तुटलेल्या कॉलसारख्या ओळी लिहीत होती, तेव्हा लंडन अजून यमकं जुळवत होतं. आणि तिच्या घरावर साधी पाटी नाही! सव्वीस तारखेला लायब्ररीत नगरपालिकेची सालटी काढणार.
तिचं चरित्र: पहिलं प्रकरण जवळजवळ पूर्ण. सतरा वर्षं लागली. चरित्र म्हणजे टोस्ट नव्हे.

९ मार्च
बेकरीत मिस डोरीन स्केफ भेटल्या. ईडाची भाची, वय अठ्ठ्याऐंशी. मी पाव मागताच आवाजावरून ओळखलं. वक्त्याची हीच खूण. म्हणाल्या, “मास्तर, आत्याची वही वाचून झाली, की अजून अक्षरंच लावताय?”
वही चरित्रासाठी त्यांच्याकडूनच आणलेली. ईडाच्या शेवटच्या कविता तीतच आहेत. दुसरी प्रत नाही. म्हटलं, गुरुवारी नक्की परत आणतो. घाईत पाव विसरलो.

१२ मार्च, गुरुवार
पाऊस. जुना कागद बाहेर नेणं बेजबाबदारपणाचं. वही बिस्किटांच्या डब्यात सुरक्षित. उघडली नाही. उघडली की दुसरं प्रकरण लिहावं लागेल.

१९ मार्च
मिस स्केफ यांच्या दारावरून जाणं टाळलं, चर्चला वळसा घातला. चालणं चांगलं. बायको म्हणते, “त्या म्हातारीला घाबरून चालताय, तेवढं पोट तरी कमी होतंय. ईडाचा वारसा तो एवढाच.”
भाषण झालं की लगेच वही परत.

२७ मार्च
काल सभा. एकोणतीस माणसं. मूठ आपटून विचारलं, “ईडाच्या शेवटच्या कविता अंधारात कोणी कोंडल्या?”
पहिल्या रांगेतून मिस स्केफ म्हणाल्या, “तुम्हीच की, मास्तर. बिस्किटांच्या डब्यात. डबाही माझाच.”
नगरपालिकेचा माणूस सगळ्यांत मोठ्याने हसला.
चहाच्या वेळी त्यांच्यापुढे कप धरला, वही उद्याच आणून देतो म्हटलं. त्यांचा हात कपाच्या बाजूने हवेतच गेला. नजर गेल्या वर्षीच गेली, म्हणाल्या. “तुमचं झालं की मी वाचणार होते.”

२८ मार्च, सकाळ
वही उघडली. अकराव्या पानात माझं बसचं तिकीट. सतरा वर्षांपूर्वीचं. पुढे मी गेलोच नव्हतो.
स्कार्थवेटच्या नागरिका, सभेला तू एकटाच आहेस. ऊठ. कोट घाल. मिस स्केफ यांचं दार वाजव आणि पहिल्या पानापासून वाचून दाखव. भाषण करू नकोस.